सोडलं तर किती जाईल?

शेंगेन व्हिसाच्या फॉर्मवर ‘बघू, मूड येईल तसं’ असा ऑप्शन नसतो. कुठल्या देशात किती रात्री, कुठल्या हॉटेलात, परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं, सगळं आधी सांगायचं. वर किमान ३० हजार युरोंचं मेडिकल कव्हर देणारा इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न. एकाहून जास्त देशांत फिरणार असाल तर ज्या देशात जास्तीत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. म्हणजे रात्री मोजल्याशिवाय कुठल्या रांगेत उभं राहायचं हेही कळत नाही. फी ९० युरो. जून २०२४पर्यंत ती ८० होती. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

थोडक्यात काय, आपल्या पासपोर्टवर ‘फ्री बर्ड’ व्हायचं असेल तर आधी एक्सेल शीट उघडावी लागते.

हे सांगायचं कारण, ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रिपचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक प्लॅनरवाल्यांची आणि दुसरी ‘अरे बॅग उचलायची, निघायचं’वाल्यांची. दुसरी पार्टी टोटल कूल. त्यांचे फोटो भारी येतात, त्यांच्याकडे किस्से असतात आणि चुकलेली बस हीसुद्धा त्यांच्या पर्सनॅलिटीत जमा होते. प्लॅनर बिचारा मावशी-काकांच्या रांगेतला. डब्यात ठेपले, गळ्यात पाउच आणि सकाळी साडेसहाला ‘चला, चला, बस सुटेल’. आपण वयात आल्यावर जे काही व्हायचं नाही असं ठरवलेलं असतं, त्यात हा प्रकार बराच वर असतो.

मला विचाराल तर हा स्वभावाचा प्रश्न फार थोडा आहे. बराचसा प्रश्न खिशाचा, पासपोर्टचा आणि घरी मागे कोण आहे याचा आहे.

माझंच बघा ना. मी फ्रीलान्सर. काठमांडूला मी तीन दिवसांत ठरवून गेले आहे, कारण नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि त्या आठवड्यात एक अडकलेला चेक एकदाचा आला होता. मैत्रिणी म्हणाल्या, ‘‘कसली स्पॉन्टेनिअस आहेस गं तू!’’ अगं, स्पॉन्टेनिअस कसली! लेख छापून आल्यावर पैसे कधी येतील हे ज्या माणसाला माहीत नसतं, तो तीन महिने आधी स्वस्त तिकीट काढणार कसा? माझ्या अचानक निघण्यातलं निम्मं श्रेय अकाउंट्स डिपार्टमेंटला जातं.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेरीस मी आणि माझी रूममेट अकरा दिवस इटलीला गेलो. बोलोन्यातल्या हॉस्टेलच्या किचनमध्ये एक ऑस्ट्रेलियन मुलगा भेटला. दोन महिने फिरत होता. उद्या कुठे जाणार, तर माहीत नाही. आमच्या रूममेटबाईंची छापील शीट बघून त्याला जाम मजा वाटली. ‘‘सगळं ठरवून टाकलं तर मग शोधायचं काय?’’ असं काहीसं तो म्हणाला. मुलगा चांगला होता. त्याने आम्हाला त्याच्यातला पास्ताही दिला. पण त्याच्या पासपोर्टवर शेंगेनमध्ये १८० दिवसांतले ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. त्याला कुणी ‘रात्री मोजून दाखव’ म्हटलेलं नाही. पत्ता न ठरवता निघण्याची सोय त्याला जन्माबरोबर मिळालेली होती. तिला स्वभाव म्हणायचं की फॅसिलिटी, तुम्हीच ठरवा.

आपल्यासाठीही एक दरवाजा किलकिला झालाय म्हणा. एप्रिल २०२४मध्ये युरोपियन युनियनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम बदलले. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा साधारणपणे दोन वर्षांचा, मल्टिपल एन्ट्रीचा मिळू शकतो आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा. म्हणजे आधी दोनदा शहाण्या मुलासारखं ठरल्याप्रमाणे जायचं आणि ठरल्याप्रमाणे परत यायचं. मग तिसऱ्या खेपेला उनाडपणा करायची परवानगी. आमच्या शाळेत पीटीचा तास असाच मिळायचा.

तिकडच्या शहरांनाही हल्ली आयत्या वेळी उगवणारे पाहुणे फारसे आवडत नाहीत. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ पाहायला पंधरा मिनिटं मिळतात, तीही आधी बुकिंग केलं असेल तर. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची खिडकी उघडते आणि भराभर संपते. व्हेनिसने तर कमालच केली. २०२४मध्ये त्यांनी ठरावीक गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरोंचा प्रवेशकर बसवला. २०२५मध्ये दर दोन झाले. चार दिवस आधी नोंदणी केली तर ५ युरो, त्यानंतर जाग आली तर १०. उत्स्फूर्तपणाला डबल भाडं!

असो. आता रूममेटबद्दल.

ती कोल्हापूरची, हिंजवडीत नोकरीला. वर्षाची सुट्टी मोजून एकवीस दिवस. तिची शीट म्हणजे आमच्या फ्लॅटमधला एक स्वतंत्र मेंबर. त्या शीटमध्ये चार टॅब होते : प्रवास, राहणं, तिकिटं आणि घर. पहिल्या तीन टॅबवरून आम्ही तिची भरपूर फिरकी घेतली आहे. चौथ्यावरून कुणी घेत नाही.

तिच्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. दर वेळी चार तास. आई नाही. भाऊ गावात आहे, पण त्याची फिरतीची नोकरी. त्यामुळे ‘घर’ या टॅबमध्ये कोणत्या दिवशी बाबांना सेंटरवर कोण सोडणार, कोण आणणार, भाऊ बाहेरगावी असेल त्या दिवशी शेजारच्या काकूंचा मुलगा, तोही नसेल तर कुठला रिक्षावाला, हे सगळं. औषधं किती दिवसांची भरून ठेवली आहेत ते. दुसऱ्या सेंटरचा नंबर. आणि तिचं विमानाचं तिकीट तारीख बदलता येण्याजोगं. त्यासाठी तिने माझ्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले होते. ऐन वेळी तिचा निर्धार ढेपाळला होता, तेव्हा बाबाच म्हणाले होते, ‘‘आजारी मी आहे, तू नाहीस. जाऊन ये.’’

म्हणून मला ते ‘प्लॅनर लोक घाबरट असतात’ वगैरे ऐकलं की राग येतो. या मुलीला शीटशिवाय पुण्याच्या बाहेर पडता आलं नसतं. ज्यांच्या घरी सगळं कुणीतरी दुसरं बघतं, त्यांनाच रिकाम्या हातांनी निघता येतं. मी स्वतः त्यांच्यातलीच आहे. माझे आई-बाबा सांगलीत ठणठणीत आहेत आणि मी फोन केला नाही तर तेच करतात.

बरं, तिच्या ‘तिकिटं’ या टॅबमध्ये एक कॉलम होता, जो मी याआधी कुणाच्याच शीटमध्ये पाहिला नव्हता. ‘सोडलं तर किती जाईल?’ प्रत्येक बुकिंगपुढे आकडा. हॉटेल : आदल्या दिवसापर्यंत शून्य. साधी लोकल पॅसेंजर गाडी : शून्य, कारण तिला रिझर्व्हेशनच नसतं आणि भाडं आज काढा, महिन्याने काढा, तेच. फास्ट ट्रेन : सगळे, कारण ती आधी घेतली तरच स्वस्त पडते आणि स्वस्तातलं तिकीट परत होत नाही. फ्लोरेन्सच्या उफिझी म्युझियमचं वेळेचं तिकीट : सगळे. तेव्हा मला वाटलं, काय हा हिशेबीपणा. पुढे त्या कॉलमने जे केलं, ते सांगते.

आमचा एक दिवस रावेन्नासाठी होता. बोलोन्याहून पॅसेंजरने सव्वा-दीड तास. तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या मोझेकसाठी ती इटलीला आली होती, असं म्हटलं तरी चालेल. रोम, व्हेनिस तिने माझ्यासाठी घातलं होतं. आणि नेमका त्या दिवशी रेल्वेचा संप. इटालियनमध्ये त्याला ‘शोपेरो’ म्हणतात. तिकडे आठवडाभर राहिलात की ‘ग्रात्सिए’च्या पाठोपाठ हा शब्द शिकताच. आता गंमत ऐका. इटलीत संपसुद्धा टाइमटेबलने होतो. अत्यावश्यक सेवांमधल्या संपासाठी १९९०चा कायदा आहे. संप आधी जाहीर करावा लागतो, वाहतूक मंत्रालय संपांचं कॅलेंडर छापतं आणि रेल्वेचा संप कामाच्या दिवशी असेल तर सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या धावतातच. आपल्याकडे बंदच्या दिवशी ‘अंदाज घेऊन निघा’ सांगतात. इथे अंदाजही छापील.

म्हणजे रावेन्ना शक्य होतं. सकाळी आठच्या आत निघायचं, संध्याकाळी सहानंतर परतायचं. तिने शीटमध्ये ते लिहिलंही होतं आणि मग त्यावर रेघ मारली होती. कारण मधले नऊ तास रावेन्नातून हलता येणार नव्हतं आणि तो बाबांच्या डायलिसिसचा दिवस होता. दुपारी एकला, म्हणजे आपल्याकडचे साडेचार, तिला बाबांचा फोन यायचा. त्या फोनच्या वेळी ती एअरपोर्ट असलेल्या गावातच असायची. अकरा दिवस. मला हे तेव्हाच कळलं, कारण तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तर अख्खा दिवस मोकळा. प्लॅन नाही. बाहेर रिमझिम.

बोलोन्यात पावसाचं कुणी मनावर घेत नाही. त्या शहराला ६२ किलोमीटर लांबीच्या कमानींच्या पडव्या आहेत. पोर्तिको म्हणतात त्यांना. रस्त्याकडेला घरांच्या पुढे, वरचा मजला डोक्यावर आणि खाली चालायची वाट. २०२१मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातला सगळ्यात लांब पोर्तिको शहराच्या सारागोत्सा दरवाज्यापासून थेट सान लुकाच्या टेकडीवर जातो. जवळजवळ चार किलोमीटर आणि ६६६ कमानी. टेकडीवरच्या देवळातली मेरीची तसबीर दर वर्षी मिरवत शहरात आणतात, त्या मिरवणुकीवर पाऊस पडू नये म्हणून १६७४पासून हे बांधकाम सुरू झालं. पालखीच्या अख्ख्या रस्त्यावर पक्कं छप्पर! देहू-आळंदीला कुणी सांगू नका, टेंडर निघेल.

निम्म्या वाटेवर मेलोन्चेलोची कमान आहे. तिथपर्यंत सपाट रस्ता, तिथून चढ. आम्ही तिथे पोचलो तेव्हा एक वाजला होता. फोन आला नाही.

सव्वा वाजला. तिने केला, उचलला नाही. भावाचा आउट ऑफ रेंज. सेंटरचा एंगेज. मी आपलं ‘अगं, रेंज नसेल’, ‘अगं, झोपले असतील’ असली वाक्यं बोलत होते. ती ऐकत नव्हती, आणि बरोबरच होतं. पावणेदोनला ती कमानीखालच्या पायरीवर बसली. मोबाइलवर ‘घर’चा टॅब उघडला आणि वरून खाली एकेक नंबर लावू लागली. काकूंना म्हणाली, ‘‘काकू, जरा दादाला सेंटरवर जाऊन बघायला सांगता का? बाबांचा फोन लागत नाहीये.’’ आवाज एकदम ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलसारखा. मग दुसऱ्या विंडोत विमानाच्या तारखा. त्या संध्याकाळी बोलोन्याहून निघालं तर उद्या दुपारपर्यंत मुंबई. तिने तो पर्याय आधीच काढून ठेवला होता. फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

पंचवीस मिनिटं. कमानींखालून लोक जात-येत होते. जॉगिंग करणारे, कुत्र्याला फिरवणारे, एक आजी काठी टेकत चढ चढत होत्या. मी आयुष्यात इतकी निरुपयोगी पंचवीस मिनिटं कधी बसलेली नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी काकूंच्या मुलाचा फोन आला. मशिनवरचे आधीचे पेशंट उशिरा सुटले होते, म्हणून बाबांचं दीड तास उशिरा सुरू झालं होतं. मोबाइलची बॅटरी संपलेली. त्याने त्याचा फोन बाबांच्या कानाला लावला. ‘‘काय गं बाळ, जेवलीस का?’’ एवढं मला ऐकू आलं. ती म्हणाली, ‘‘हो, जेवले.’’ आम्ही जेवलो नव्हतो. इटलीत अडीचच्या सुमारास बहुतेक किचन बंद होतात ती संध्याकाळी सातनंतरच उघडतात, त्यामुळे आता जेवणारही नव्हतो.

फोन ठेवल्यावर ती जरा वेळ तशीच बसून राहिली. मग विमानाची विंडो बंद केली आणि म्हणाली, ‘‘चल, वर जाऊ.’’

वर गेलो. एका बेकरीतून घेतलेला फोकाच्चा पावाचा तुकडा दोघींत खाल्ला. ढगांतून पो नदीच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश थोडाथोडा दिसत होता. तिथे मी सहज म्हणून गेले, ‘‘उद्या रावेन्नाला जाऊ या का?’’ उद्या म्हणजे सकाळी फ्लोरेन्सची फास्ट ट्रेन आणि दुपारी दोनचं उफिझी. उद्या डायलिसिस नव्हतं. मला वाटलं, नाहीच म्हणणार. तिने शीट उघडली, तो कॉलम पाहिला. ट्रेन १९, उफिझी बुकिंगसकट २९. ‘‘प्रत्येकी ४८ युरो जातील. हॉटेल संध्याकाळी पोचलो तरी चालतंय.’’ दहा सेकंद. ‘‘चल.’’

त्या दहा सेकंदांबद्दल मला नंतर बरंच वाटत राहिलं. मी एकटी असते तर हाच निर्णय घ्यायला मला दोन तास लागले असते. कारण माझ्याकडे नुसती हळहळ असते, आकडा नसतो. आपण तिकीट काढलंय म्हणून न आवडणारा सिनेमा शेवटपर्यंत बघतो, बुफेत पैसे वसूल करायला तिसरी प्लेट भरतो, तसं फिरतो. तिने मात्र प्रत्येक गोष्टीची सोडायची किंमत घरी, शांत डोक्याने लिहून ठेवली होती. त्यामुळे ४८ युरो ही तिच्यासाठी भीती नव्हती, नुसतं बिल होतं. तेवढे पैसे आपल्याकडे सहज जात नाहीत, हेही खरंच. आम्ही पुढचे दोन दिवस सुपरमार्केटमधला ब्रेड-टोमॅटो खाल्ला.

(ठरलेला प्रवास हुकण्यात आपल्याकडे गोडसे भटजींचा हात कुणी धरू शकत नाही. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून हे गृहस्थ निघाले ते उत्तरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला. हेतू एकच, दक्षिणा मिळवायची आणि घरचं कर्ज फेडायचं. वाटेत बंड पेटलं आणि भटजी थेट झाशीच्या वेढ्यात. यज्ञ राहिला बाजूला. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक १९०७ साली छापून आलं. सोडलं तर किती जाईल, हा कॉलम त्यांना भरताच आला नसता.)

रावेन्नात गाला प्लाचिदियाची समाधी म्हणून एक विटांची बुटकी इमारत आहे. बाहेरून बघाल तर पंपहाउस वाटेल. आत एका वेळी थोडेच लोक सोडतात, तेही काही मिनिटांसाठी. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत. त्यातून मधासारखा उजेड येतो. डोळे सरावले की डोक्यावर गडद निळं छत दिसायला लागतं आणि त्यावर सोनेरी चांदण्या, शेकड्यांनी. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काचेचे इवले इवले तुकडे एकेक करून बसवलेले. आमच्या मागच्या कुटुंबातलं लहान मूल मोठ्याने ‘ओऽऽ’ म्हणालं आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

त्याच गावात दान्तेची समाधी आहे. फ्लोरेन्सने त्याला १३०२मध्ये हद्दपार केलं. तो परत कधी गेला नाही, १३२१मध्ये इथेच वारला. आता समाधीतल्या दिव्याचं तेल दर वर्षी फ्लोरेन्सहून येतं. आम्ही फ्लोरेन्स बुडवून रावेन्नाला आलो होतो, म्हणून त्या दिव्यापाशी मला उगाचच बरं वाटलं. संध्याकाळी बोलोन्याहून दुसरी तिकिटं काढून रात्री फ्लोरेन्सला पोचलो. उफिझी आम्ही अजून पाहिलेलं नाही.

निळ्या छताचा फोटो तिने बाबांना पाठवला होता. त्यावर त्यांचा रिप्लाय आला, ‘‘छान. मलाही कुठेतरी ने.’’

परत आल्यापासून नवी शीट सुरू आहे. बाबांना कोकणात जायचंय, गणपतीपुळ्याला. दुसऱ्या गावच्या सेंटरवर आधी बोलून डायलिसिसचा स्लॉट घेता येतो. त्यासाठी हेपॅटायटिस आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, डायलिसिसच्या नोंदी आधी पाठवाव्या लागतात. रत्नागिरीतल्या एका सेंटरने सोमवार आणि बुधवार दिलाय. रविवारी निघायचं, सोमवारी मशिन, बुधवारी मशिन, गुरुवारी परत. सगळ्या ओळी भरल्या आहेत. गाडी कुणाची, राहायचं कुठे, पथ्याचं जेवण कोण करून देणार, आणि सोडलं तर किती जाईल.

मधल्या मंगळवारची ओळ कोरी आहे. त्या दिवशी काय करायचं, हे बाबांनी अजून सांगितलेलं नाही.